भाडेकरूच्या पायाखालची लादी

चिपळूणला आमच्या खालाजानच्या घराखाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असा एक लहानसा ब्लॉक आहे. खालूजान कुवेतला नोकरीत असताना बांधलेला. ते अल्लाहला प्यारे झाले, मुलगा तिकडेच कामाला लागला, आणि आता त्या ब्लॉकचे महिना सहा हजार भाडे हा खालाजानचा स्वतःचा पैसा. मुलगा पाठवतोच, पण औषधाच्या गोळ्यांसाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही, हे त्या सहा हजारांमुळे.

एप्रिलमध्ये तिथले भाडेकरू गेले. एसटीत वाहक असलेले गृहस्थ, त्यांची बायको, म्हातारी आई आणि दोन मुले. तीन वर्षे राहिले, भाडे कधी चुकवले नाही. जाताना खालाजाननी त्यांच्या पंचवीस हजारांच्या डिपॉझिटमधून सात हजार कापून घेतले. बाहेरच्या खोलीतल्या अकरा लाद्यांना तडे गेले होते, स्वयंपाकघरात चार लाद्या फुगून वर आल्या होत्या. “बेटा, मुलांनी काहीतरी आपटलं असणार. नाहीतर चार वर्षांत लादी फुटते का कधी?” असे त्यांचे म्हणणे. सगळीच लादी बदलायची ठरली होती. कोणती घालायची एवढेच सांगायला आम्हाला बोलावले होते.

आमच्या बऱ्याच घरांत अशी एखादी भाड्याची खोली असते. आखातातल्या कमाईतून वर बांधलेला मजला, वाटणीत आलेला फ्लॅट, मशिदीच्या गल्लीतल्या दोन खोल्या. स्वतःच्या घराची लादी निवडताना अख्खे कुटुंब दुकानात जाऊन बसते. भाड्याच्या घराची लादी मात्र मिस्त्रीला फोनवर सांगून होते, “स्वस्तातली टाक, पण दिसायला चांगली.” त्या “पण”मध्येच सगळी गडबड आहे, हे आम्हालाही चिपळूणला जाईपर्यंत नीट कळले नव्हते.

पहिला सल्ला कुवेतहून आला. मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितले की तिकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये व्हिनाइल शीट चिकटवतात, दोन दिवसांत काम, लाकडासारखे दिसते, फोडाफोडी नाही. गोष्ट खोटी नाही. वरच्या मजल्यावर, कोरड्या स्लॅबवर व्हिनाइल चांगले टिकते. पण हा तळमजला, आणि गाव चिपळूण. पावसाळ्यात इथल्या जमिनीतून ओल वर येते, त्या ओलीने व्हिनाइलखालचा गोंद सुटतो आणि शीटचे कोपरे उचलतात. लाकडी लॅमिनेट तर विचारूच नका, त्याचा गाभा लाकडाच्या भुशाचा, एकदा पाणी प्याला की पापडासारखा फुगतो. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी याच खोल्यांत शिरले होते. पूर ओसरल्यावर चिखल खरवडून, पाण्याचे फवारे मारून घर धुवावे लागते. जे धुता येत नाही ते या गावात तळमजल्यावर घालूच नये.

दुसरा सल्ला शेजारच्या चाचांचा, शहाबादी टाका, नाहीतर कोटा. आमचे या दोन्ही दगडांवर प्रेम आहे. शहाबादी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी जेवणे झाली की दस्तरखान उचलून आम्ही मुले त्याच थंड शहाबादीवर आडवी व्हायचो. कोट्याचा मोठा गुण म्हणजे तो झिजला, डागाळला तर पुन्हा घासून पॉलिश करता येतो, लादीसारखा उकरून टाकावा लागत नाही. पण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आंबट पदार्थ पडला की पृष्ठभाग खातो. कोकणातल्या स्वयंपाकघरात आमसूल, चिंच आणि लिंबू रोजचेच, वर न्हाणीघर घासायला लोक अ‍ॅसिड वापरतात. भाडेकरूला दगडाची ही नाजूक बाजू कोण समजावून सांगणार? शिवाय पॉलिशचा खर्च दर काही वर्षांनी पुन्हा उभा राहतो. ज्यांच्या घरात आधीच जुना कोटा किंवा मोझॅक घट्ट बसलेला आहे, त्यांनी मात्र तो काढू नये. पॉलिशवाला बोलवावा, मशीन फिरवून घ्यावी, भाडेकरूला नव्यासारखी जमीन मिळते आणि फोडाफोडीचा खर्च वाचतो.

खालाजानचे स्वतःचे मन आधीच्याच लादीवर होते. पांढरी, आरशासारखी चमकणारी, दोन बाय दोनची. “खोली दाखवायला उघडली की माणूस खूश झाला पाहिजे.” जुन्या लादीवरच नवी चिकटवून मोकळे व्हावे, असा मिस्त्रीचा प्रस्ताव होता. तसे करता येते, पण खालची लादी घट्ट असेल तरच, आणि जमीन वर आल्यामुळे दरवाजे खालून कापावे लागतात. घट्ट आहे की नाही हे पाहायला आम्ही खिशातले एक नाणे काढून एकेका लादीवर वाजवत गेलो. भरीव लादीचा आवाज बसका येतो, पोकळ लादी मडक्यासारखी वाजते. बाहेरच्या खोलीत जवळजवळ निम्म्या लाद्या पोकळ वाजल्या. तडे गेलेल्या अकराच्या अकरा त्यातच होत्या.

मग मिस्त्रीने पहिली लादी उचलली. पहार लावताच ती अलगद निघाली. खाली सिमेंटचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, लाडू ठेवावेत तसे. बाकी सगळी हवा. पाठ इतकी स्वच्छ की लादी आत्ताच खोक्यातून काढली असे वाटावे. तिच्या बाजूची उचलली, तीच कथा. स्वयंपाकघरातल्या फुगलेल्या लाद्यांना तर मध्ये फटच ठेवली नव्हती. एकमेकींना खेटून बसवलेल्या लाद्या उन्हाळ्यात तापून फुगल्या की त्यांना जागा लागते, ती मिळाली नाही की त्या वर उचलतात. पुढे खोदल्यावर बाहेरच्या भिंतीलगत भरावही खचलेला दिसला. पुराच्या पाण्याने खालची माती वाहून नेली होती, आणि पुरानंतर गावात प्रत्येक घराला मिस्त्री हवा असताना कुणीतरी घाईघाईने वरचेवर काम उरकले होते. चमकणाऱ्या पांढऱ्या लादीखाली चार वर्षे ते दिसले नाही, एवढेच.

खालाजान दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या गोळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, “म्हणजे मुलांनी काही आपटलं नव्हतं.”

बाजारातल्या धान्याच्या ढिगाची ती हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. अल्लाहच्या रसूलांनी (स.) ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले, आणि त्यांनी विक्रेत्याला विचारले की हे वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. खालाजाननी काही लपवले नव्हते, त्यांना माहीतच नव्हते. पण माहीत झाल्यावर ते सात हजार त्यांना ठेववेनात. आम्ही काही बोलायच्या आधी त्यांनीच फोन मागितला.

त्या वाहकांनी आधी नको नको म्हटले. मग त्यांच्या पत्नी फोनवर आल्या, आणि बोलता बोलता एक गोष्ट कळली जी तीन वर्षांत कधी कळली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर पडल्या आणि त्या चकचकीत लादीवर घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. तेव्हापासून त्यांनी दारात गोणपाट अंथरले होते. हे गोणपाट खालाजानच्या डोळ्यांत सलायचे. “एवढी सुंदर लादी आणि वर कळकट गोणपाट,” असे त्या आम्हाला कितीदा म्हणाल्या होत्या. “मग सांगितलं का नाही?” असे खालाजाननी विचारले, तर उत्तर आले, “घर तुमचं, आम्ही काय सांगणार?” पैसे दुसऱ्या दिवशी बँकेतून गेले. ही बाई घर पाहायला आली तेव्हा लादीवर खूशच झाली असेल. घसरण्याची भीती नंतर, राहायला लागल्यावर आली.

पुढची सगळी निवड मग सोपी झाली. दुकानात आम्ही चमक पाहणे सोडले. दुकानदाराला लादी जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतले, चप्पल काढून पाय घासून पाहिला, मग साबणाचे पाणी करून पुन्हा. दुकानातला पोरगा हसत होता. हसू द्यावे. आपल्या घरांत दिवसातून पाच वेळा कुणी ना कुणी वजू करून ओल्या पायांनी जानमाजकडे जाते, आणि त्यांत म्हातारी माणसे जास्त. दुसऱ्या कुणाच्या घरात पाच वेळा नसेल, पण अंघोळ करून लहान मूल पळत सुटतेच. लादी घेताना पायाला विचारावे. फार खरबरीतही नको, तिच्यात माती अडकते आणि पोछ्याचे धागे निघतात. हाताला मऊ पण ओल्या पायाला धरणारी, अशी मॅट फिनिशची लादी घ्यावी.

लादीच्या जातीबद्दल दुकानदार जे सांगतात त्यातले कामाचे थोडेच असते. मुख्य गोष्ट ती पाणी किती पिते ही. भिंतीच्या सिरॅमिक लाद्या आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात, म्हणून त्या जमिनीवर घालायच्या नसतात. काही मिस्त्री उरलेल्या घालतात, तेवढे लक्ष ठेवावे. जमिनीच्या सिरॅमिक लाद्या साधारण तीन ते सहा टक्के, आणि व्हिट्रिफाइड लाद्या अर्धा टक्काही नाही. ओल्या तळमजल्याला व्हिट्रिफाइडच हवी. तिच्यातही “डबल चार्ज” म्हणतात त्या प्रकारात रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, कपाट ओढले तरी ओरखडा डोळ्यात भरत नाही. वरचेवर माणसे बदलणाऱ्या घराला ही उत्तम, पण ती बहुतेक पॉलिश केलेलीच मिळते. आम्हाला न घसरणारी हवी होती, म्हणून ग्लेझवाली मॅट घेतली आणि झिजेचा अंक विचारून घेतला. ग्लेझवाल्या लाद्यांना पी.ई.आय. नावाचा एक ते पाच असा दर्जा असतो, भाड्याच्या घरासाठी चारच्या खाली उतरू नये. रंग पांढरा नको, त्यावर प्रत्येक केस दिसतो, काळपटही नको, त्यावर धूळ आणि खाऱ्या पाण्याचे डाग दिसतात. बारीक ठिपक्यांची मातकट करडी घेतली. खालाजान म्हणाल्या, “रस्त्यासारखी दिसते.” आता त्यांना आवडते.

न्हाणीघराला आणि त्याच्या दाराबाहेरच्या हातभर पट्टीला एक बाय एकच्या, मुद्दाम खरबरीत अँटीस्किड लाद्या घेतल्या. लहान लादीला सांधे जास्त, त्यामुळे पाय जास्त धरतो, आणि जाळीकडे उतार देणेही सोपे जाते. मोठी लादी उताराला वाकत नाही.

बसवण्याच्या कामावर मात्र कुणीतरी समोर बसायलाच हवे. आधी भराव उकरून नवा घातला, पाणी मारून धुमसाने ठोकला, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद आणि मग काँक्रीटचा थर, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. हा थर सुकायला मिस्त्रीकडे धीर नव्हता, खालाजानकडे होता. व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीला ती धड धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते, आणि ते दातेरी थापीने अख्ख्या पाठीला पसरावे लागते. आम्ही मिस्त्रीला सांगून ठेवले होते की मधूनच एखादी नुकती बसवलेली लादी उचलून पाठ दाखवायला लावू. तीनदा उचलायला लावली. पहिल्या वेळी रागावला, तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणाला, “बघा, भरलंय.” प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटरचे प्लास्टिकचे स्पेसर ठेवून घेतले. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात सांधे इपॉक्सीने भरले, कारण साध्या ग्राउटमध्ये हळद आणि मच्छीचे पाणी मुरते आणि नवे भाडेकरू पहिल्याच दिवशी जुन्या भाडेकरूच्या जेवणाचा वास घेतात. न्हाणीघराचा उतार एक बादली पाणी ओतून आणि एक गोटी सोडून पाहिला. गोटी एका कोपऱ्यात अडकली. तेवढ्या तीन लाद्या काढून पुन्हा बसवल्या.

हिशेब सांगायलाच हवा, कारण पत्र येईल. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून ४२० चौरस फूट. दोन बाय दोनच्या खोक्यात चार लाद्या, त्या साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात. म्हणजे सत्तावीस खोकी, कापण्यात जाणारी दोन, आणि माळ्यावर ठेवायला दोन, अशी एकतीस. सातशे रुपये खोक्याप्रमाणे २१,७००. मजुरी फुटाला तीस, १२,६००. जुने काढणे, भराव, काँक्रीट, अ‍ॅडहेसिव्ह मिळून १२,७००. न्हाणीघर वेगळे, ८,०००. एकूण ५५,०००, म्हणजे नऊ महिन्यांच्या भाड्याहून थोडे जास्त. पुन्हा चमकणारी पांढरी, पुन्हा पाच गोळ्यांवर बसवली असती तर वीस-बावीस हजार वाचले असते. खालाजानसारख्यांना ते थोडे नव्हेत. आम्हालाही सांगताना जड गेले. पण पुरानंतरच्या घाईतल्या कामाला गेलेले पैसे आणि आत्ताचे हे, दोन्ही मिळून धरले तर स्वस्त कोणते पडले, हे त्यांनी बोटांवर मोजून आम्हालाच सांगितले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवे भाडेकरू आले. करारनामा अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आपल्यात अजूनही “आपली माणसं आहेत, कागद कशाला” म्हणून ते टाळले जाते. या वेळी खालाजाननी करारात आणखी एक ओळ घालून घेतली की रोजच्या वापराने लादी झिजली किंवा आपोआप सुटली तर डिपॉझिटमधून काही कापले जाणार नाही. चावी देण्याआधी दोघांनी मिळून खोलीभर नाणे वाजवले आणि फोनवर फोटो काढून ठेवले. न्हाणीघराच्या दारात उभे राहून नवी भाडेकरीण पायाने लादी चाचपून पाहत होती. खालाजान तिला म्हणाल्या, “घसरत नाही. पण काही वाटलं तर लगेच वर येऊन सांग, हां. गोणपाट टाकत बसू नकोस.” तिला गोणपाटाचे काही कळले नाही.

दोन खोकी माळ्यावर आहेत. लादीच्या प्रत्येक बॅचचा रंग किंचित वेगळा असतो, वर्षाने तेच नाव सांगून आणली तरी शेजारी उठून दिसते. म्हणून खोक्यावरचा बॅच नंबर, शेड नंबर आणि दुकानाची पावती खालाजाननी एका वहीत चिकटवली आहे. त्याच पानावर, वरच्या बाजूला, जुन्या भाडेकरूंचा फोन नंबर आहे. सासूबाईंचे मनगट पावसात अजून दुखते, हे त्यांनी ईदच्या दिवशी फोन केला तेव्हा कळले.